एकशे चाळीस जोड हात

“मान मोड, पाठ सोड, शेपूट राख.”

आईचा हा आवाज आक्काच्या कानात शिरला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि आता तिची पन्नाशी दाराशी येऊन उभी होती. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, खाली ओला कोबा, मधोमध कोळंबीचा करडा ढीग आणि त्याच्याभोवती पाटांवर बसलेल्या बायका. मान मोड म्हणजे डोकं पिळून बाजूला करायचं. पाठ सोड म्हणजे कवच उतरवून पाठीतला काळा दोरा अलगद ओढायचा. शेपूट राख म्हणजे टोकाचा तो पंखा तसाच ठेवायचा, कारण समुद्रापल्याडची माणसं कोळंबी शेपटीला धरून खातात म्हणे. तीन ठोके, एक कोळंबी. आई ते पाळणा म्हणावा तसं म्हणायची आणि मध्येच पदरची भर घालायची:

मान मोड, पाठ सोड, शेपूट राख गं बाई,
आपण सोललेलं ताट आपण बघायचं नाही.

बायका हसायच्या. नऊ वर्षांच्या मुलीला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

शेड गेली, आई गेली. त्या जागी कारखाना आला. पांढऱ्या फरशीचा लांबलचक हॉल, स्टीलची टेबलं, थंडी अशी की तोंडातून वाफ निघावी. पाटावर बसणाऱ्या बायका गमबूट घालून उभ्या राहू लागल्या, पदराच्या जागी टोपी आणि तोंडावर फडकं आलं. फक्त हात तेच राहिले. एकशे चाळीस बायका, आणि त्यांच्यावर देखरेखीला आक्का.

दर सोमवारी सकाळी मालक भोंग्यावरून बोलायचे. माणूस वाईट नव्हता; काळजीने त्याचे केस गेले होते. पलीकडच्या देशाने सोलायची यंत्रं आणली, असं ते सांगायचे. त्याच्याही पलीकडच्या देशात मजुरी आपल्या निम्मी. तिसऱ्याने मोठ्या बाजाराशी करार केला, त्याच्या मालावर आता कर नाही. मग जरा थांबून, खाकरून ते म्हणायचे, “आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे हात आहेत.”

“आपल्याकडे म्हणे,” टेबलाच्या टोकाला उभी असलेली तिखट पुटपुटायची. तिचं खरं नाव काय ते पगाराच्या कारकुनालाच ठाऊक. “हात माझे, आणि आपल्याकडे म्हणतोय कसा, जसं काही लग्नात दिलेत.”

पण मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. यंत्र दहातल्या दोन कोळंब्यांची शेपूट तोडतं. यंत्राला दोरा दिसत नाही. ‘हाताने सोललेली’ असं खोक्यावर छापलेलं असायचं, आणि तेवढ्या दोन शब्दांवर समुद्रापल्याड किलोमागे चार पैसे जास्त मिळायचे. त्या चार पैशांवर कारखाना टिकून होता.

हात मात्र टिकत नव्हते. आधी जाड हातमोजे होते, त्यात बोटांना काही कळायचं नाही आणि हात निम्म्याने मंदावायचा. मग पातळ मोजे आले. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा त्यांना टराटरा फाडायचा. एकदा पाकिटात रबराचा तुकडा निघाला, गिऱ्हाइकाचं खरमरीत पत्र आलं, आणि मोजे बंद झाले. तेव्हापासून उघडी बोटं बर्फात, दर अर्ध्या तासाने क्लोरीनच्या पाण्यात, पुन्हा बर्फात. दोन महिन्यांत नव्या मुलीच्या बोटांना भेगा पडायच्या. त्या भेगांत काटा शिरला की डोळ्यांत पाणी यायचं आणि ते पुसायलाही हात मोकळा नसायचा.

आता यात एक नियम होता, आणि सगळी गोष्ट त्या नियमावरच फिरते. रोज सकाळी हॉलच्या दारात आक्काने प्रत्येकीला तपासायचं आणि रजिस्टर भरायचं. टोपी, नखं, दागिने, खोकला, आणि शेवटच्या रकान्यात जखम. जिच्या हाताला जखम, तिने टेबलाला शिवायचं नाही. घरी जायचं, आणि त्या दिवसाचा रोज बुडाला. नियम चांगलाच होता. खाणाऱ्याच्या पोटाची काळजी होती त्यात. पण तो अक्षरशः पाळला असता तर हॉलला कुलूप लावावं लागलं असतं. म्हणून आक्का रोज सकाळी शेवटच्या रकान्यात एकशे चाळीस वेळा लिहायची: नाही. नाही. नाही.

पट्टी लावायची सोय नव्हती, पट्टी दिसते. मलम दिसत नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या म्हाताऱ्याकडे एक मलम मिळायचं, पारदर्शक, बिनवासाचं, दोन दिवसांत भेग मिटवणारं. आक्काने ते स्वतःच्या पैशाने आणायला सुरुवात केली. टेबलाच्या खणात टोप्यांच्या खाली ट्यूबा ठेवल्या. जेवणाच्या सुट्टीत बायका बोटांना लावायच्या, मग क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवून टेबलापाशी जायच्या. धुतलं की गेलं, असं आक्काला वाटायचं. एकशे चाळीस जणींना तसंच वाटायचं. इतकी वर्षं पाण्यात हात घालणाऱ्या बायकांचा पाण्यावर विश्वास असणारच.

आणि मग एक कंटेनर परत आला.

समुद्रापल्याडच्या बंदरावर त्यांनी एक खोकं फोडलं, तपासलं, आणि कोळंबीत एका औषधाचा अंश सापडला. बंदी असलेलं औषध. अंश एवढासा, की अख्ख्या तळ्यात चिमूटभर टाकावा. पण तिथे चिमूटही चालत नाही. कंटेनर परत, मागचे दोन बंदरातच अडकलेले, आणि पुढची ऑर्डर पलीकडच्या देशाने हसत हसत उचलली. त्या सोमवारी मालकांचा आवाज भोंग्यातून आला तो घोगरा. ते एवढंच म्हणाले, “आपलं नाव गेलं.”

खोक्यावर लॉटचा आकडा असतो. आकड्यावरून तळं सापडतं. ते तळं आक्काच्या भावाचं निघालं.

भाऊ म्हणजे धाकटा. तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, तिच्याच कडेवर वाढलेला, अजूनही तिच्यासमोर विडी न ओढणारा. त्याची तीन तळी होती, आणि तो त्यांत मुद्दाम विरळ कोळंबी सोडायचा. शेजारचे त्याला हसायचे: तळं आहे का दिवाणखाना, एवढी मोकळी जागा कुणासाठी? तो म्हणायचा, दाटी केली की रोग येतो, रोग आला की औषध येतं, मला दोन्ही पाहुणे नकोत. माल कमी निघायचा, पण असा की हातात घेतला की मणभर समाधान व्हावं.

मॅनेजरने त्याच्या तळ्याचं पाणी तपासलं. पाणी स्वच्छ निघालं. मॅनेजर म्हणाला, दोन महिन्यांत पाणी बदललं असणार. धाकट्याने शपथा घेतल्या. मॅनेजर म्हणाला, मग औषध आलं कुठून? आमच्या हॉलमधून? आणि त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. पानामागून पान, अक्षर बहिणीचं: नाही, नाही, नाही.

त्या संध्याकाळी आक्काने प्रयोगशाळेतल्या चष्मेवालीला गाठलं. ही मुलगी नुकतीच शिकून आलेली, आक्काला मावशी म्हणायची. त्या औषधाचं नाव काय, असं आक्काने सहज विचारल्यासारखं विचारलं. चष्मेवालीने कागदाच्या कपट्यावर ते लिहून दिलं, परक्या लिपीत, लांबलचक. घरी आल्यावर आक्काने हातपाय धुतले, चहा टाकला, आणि सवयीने बोटांना मलम लावायला ट्यूब घेतली. ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरं होती. परकी लिपी तिला वाचता येत नव्हती. पण तिने आयुष्यभर कोळंबी निवडली होती. सारख्यातून वेगळं आणि वेगळ्यातून सारखं काढणं हेच तिचं काम. तिने कपटा ट्यूबशेजारी धरला आणि एकेक अक्षर लावून बघितलं. पहिलं पहिल्यासारखं. दुसरं दुसऱ्यासारखं. पंधरा अक्षरं होती. पंधराच्या पंधरा जुळली.

चहा उतू गेला.

त्या कंटेनरच्या मालाचा दिवस तिला लख्ख आठवत होता. सहा जणी आल्या नव्हत्या, म्हणून ती स्वतः टेबलाला उभी राहिली होती. क्रेटवर धाकट्याचा आकडा बघून तिने तो माल आपल्याकडे ओढला होता. भावाचा माल दुसरीच्या हाती कशाला, म्हणून. जेवणाच्या सुट्टीत बोटं नीट माखली होती, वेग कमी पडू नये म्हणून. आणि मग तीन ठोक्यांच्या लयीत, मायेने, एकेक कोळंबी.

दुसऱ्या दिवशी तिने खणातल्या ट्यूबा गोळा करून नेल्या. मलम संपलं, आता मिळणार नाही, असं बायकांना सांगितलं. आठवड्याभरात बोटं पुन्हा उकलली. बायकांनी विचारून बघितलं, मग चेष्टा करून बघितली, मग कुजबुजायला लागल्या, की आक्काचा हात आखडला. तिखटने तोंडावरच विचारलं, “काय गं, मलमाचे पैसे साठवून माडी बांधतेस का?” आक्का एरवी तिला पुरून उरायची. त्या दिवशी ती नुसती पुढच्या टेबलाकडे चालू लागली.

बोलावं तर काय होईल, हे ती रोज मनात उलगडायची आणि रोज घडी घालून ठेवायची. आधी ती जाईल. मग मलम लावणाऱ्या सगळ्या जातील. एकशे चाळीस चुली. मालक यंत्रं आणतील, त्यांना निमित्तच हवं आहे. न बोलावं तर एकच घर जाईल, पण ते घर तिचं माहेर.

धाकटा एका दुपारी कारखान्याच्या फाटकापाशी आला. दाढी वाढलेली. मॅनेजरने त्याच्यासमोर दोन वाटा ठेवल्या होत्या. चूक कबूल करून सही केली तर एक वर्ष माल घेणार नाहीत. केली नाही तर नाव वरपर्यंत जाईल आणि पुन्हा कुठल्याच कारखान्याचं दार उघडणार नाही. गिऱ्हाइकाकडची तपासनीस बाई गुरुवारी येणार होती, तिच्यासमोर सही. तो हे सगळं फाटकाच्या गजांशी बोलावं तसं बोलला. मग विचारलं, “ताई, तुला तरी खरं वाटतं ना माझं?”

“वाटतं रे,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. तो त्या दोन शब्दांवर समाधान मानून गेला, आणि तेच तिला सोसवेना. चिडला असता, शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुरुवार उजाडला. फरशी तीनदा धुतलेली, मॅनेजरच्या अंगावर नवा कोट. आक्का रजिस्टर घेऊन हॉलच्या दारात उभी राहिली. पहिली आली ती तिखट. नेहमीप्रमाणे तिने हात नुसते हवेत फिरवल्यासारखे केले आणि आत निघाली.

“थांब,” आक्का म्हणाली. “नीट दाखव.”

“आज काय नवरी बघायला आलेत?”

“पालथे कर. आता उताणे.”

तिखटच्या उजव्या अंगठ्याची भेग पांढरी पडली होती, तर्जनीची अजून ओली होती. आक्काने शेवटच्या रकान्यात लिहिलं: आहे. तिखटने ते वाचलं. तिला तेवढं वाचता येत होतं.

मागच्या बायकांत कालवा झाला. रोज बुडवतेस का, म्हणाली एक. दुसरी म्हणाली, पोराची फी भरायची आहे, आक्का, आजच्या दिवस सोड. आक्काने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की इतकी वर्षं मी तुमच्या हातांबद्दल खोटं लिहीत आले, तुमचा रोज बुडू नये म्हणून. त्या खोट्यावर मालकांचा भाव उभा आहे, कारण कागदावर आपल्या हातांना काही होतच नाही. ज्या हातांना काही होत नाही त्यांना मोजे कशाला, कोमट पाणी कशाला, विश्रांती कशाला? आज ते वाचायला माणूस आलंय. आज मी खरं लिहिणार. कुणाला नको असेल तर तिने हात मागे घ्यावेत, मी रकाना कोरा ठेवीन, खोटं मात्र पुन्हा लिहिणार नाही.

तिखट वळली आणि मागच्या बाईला म्हणाली, “बघतेस काय? दाखव की. तुझ्या नवऱ्याने कधी बघितले नसतील, सरकारी कागदावर तरी येऊ देत.”

हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच हात पुढे आले. एकामागून एक, पालथे, उताणे. फाटलेले, सोललेले, सुजलेले, नखं निळी पडलेले. आक्का लिहीत गेली. एकशे चाळीसपैकी एकशे सोळा. उरलेल्या चोवीस नव्या होत्या. त्यांच्या हातांना अजून तेवढा वेळ मिळाला नव्हता. त्याही आत गेल्या नाहीत. सगळ्या जणी पांढऱ्या कोटांनिशी कंपाउंडच्या भिंतीला टेकून उन्हात जाऊन बसल्या, बगळ्यांचा थवा उतरावा तशा. आत कोळंबी बर्फावर पडून राहिली.

मॅनेजर धावत आला. आक्काचं डोकं फिरलंय का, असं त्याने विचारलं, मग आवाज खाली आणून विनवलं, मग पुन्हा चढवला.

“नियम तुमचाच आहे, साहेब,” आक्का म्हणाली. “जखम असेल तर टेबलाला शिवायचं नाही. मी वीस वर्षं मोडला. आज पाळतेय.”

तेवढ्यात वरून बोलावणं आलं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला तपासनीस बाई, बारीक कापलेले केस, समोर उघडी वही. तिच्याशेजारी चष्मेवाली, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगायला. मालक. आणि टेबलाच्या टोकाला धाकटा, इस्त्रीचा सदरा घालून, पुढ्यात कागद, हातात पेन. पेन तो असं धरून होता जसं काही ते त्याला चावेल.

आक्काला बोलावलं होतं ते हॉल स्वच्छ असल्याची साक्ष द्यायला. तिने रजिस्टर बाईसमोर ठेवलं. बाईने आजचं पान बघितलं, मग मागची पानं उलटली, पुन्हा आजच्या पानावर आली. चष्मेवालीने तिचा प्रश्न सांगितला: काल एकही जखम नाही आणि आज एकशे सोळा, हे कसं?

“काल मी खोटं लिहिलं,” आक्का म्हणाली.

मालकांनी डोळे मिटले. मग ते हळूहळू बोलू लागले, रागाने नाही, थकून. एवढी एकच ऑर्डर हातात होती, असं ते म्हणाले. ही गेली की दुसऱ्या देशात जाणार आणि परत येणार नाही. आपण कशाच्या जोरावर टिकलोय ते तुम्हाला माहीत आहे, आक्का. देशाचं नाव आहे यात.

आक्काने हात टेबलावर ठेवले, पालथे. बाईची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथेच राहिली.

“देशाचं नाव या बोटांवर उभं केलंत,” आक्का म्हणाली, “तर बोटांना एकदा विचारायचं होतंत. पलीकडच्या यंत्राला तेल लागतं, ते त्यांचा मालक आणतो. आमच्या हातांना काय लागतं ते कुणी विचारलं नाही. म्हणून मी आणलं. हात बर्फात घालून, वर ते फुटले तर घरी बसवून जो भाव निघतो, तो भाव मला नको. तो घेऊन शर्यत जिंकायची असेल तर आमच्याशिवाय जिंका. त्या बाहेर बसल्यात, बघा खिडकीतून. मोजे फाटणार नाहीत असे आणा, कोमट पाणी द्या, जखमेच्या दिवसाचा रोज द्या. मग आत येतील. त्यांच्यासारखी कोळंबी जगात कुणी सोलत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि या बाईंनाही.”

मग ती चष्मेवालीकडे वळली. “हे सगळं सांग त्यांना. आणि आता जे बोलेन तेही सांग. एक शब्द गाळू नकोस, पोरी.”

चष्मेवालीने मान हलवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. काय येणार आहे ते तिला बहुधा उमगलं होतं.

आक्का टेबलाला वळसा घालून धाकट्यापाशी गेली. त्याने कागदावर पेन टेकवलं होतं, पहिल्या अक्षराची रेघ अर्धी उमटली होती. तिने आपला खरबरीत हात त्याच्या हातावर ठेवला.

“सही करू नकोस,” ती म्हणाली. “तुझ्या तळ्यात काहीच नव्हतं. तो माल त्या दिवशी मी सोलला, धाकट्या, माझ्या या हातांनी. भेगांना मलम लावलं होतं, ते औषध त्या मलमात होतं. मलम मीच आणायचे, मीच वाटायचे. बाकीच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मला मात्र तू फाटकापाशी आलास त्याच्याही आधीपासून माहीत होतं.”